मस्कतला राहून नौपाड्यातलं जुनं घर दुरुस्त करायचं तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याच्या नौपाड्यात वडिलांचं घर, १९८४ची तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत, दुसरा मजला, कार्पेट ५६० चौरस फूट, लिफ्ट नाही. घर चार वर्षं बंद. तुमची नोकरी मस्कतला, आई बहिणीकडे डोंबिवलीला. जुलैत महिनाभर सुट्टी मिळते, त्यात सगळं उरकायचा बेत आहे. देखरेखीला मामेभाऊ तयार आहे. ठेकेदाराने 'सगळं तोडून नवीन' असा एकरकमी आकडा दिलाय आणि तो बरोबर आहे का, असं तुम्ही विचारताय.

त्या आकड्यावर आज कोणीच प्रामाणिक मत देऊ शकणार नाही, कारण त्यात काय धरलंय हे त्यात लिहिलेलंच नाही. पण तुमची खरी अडचण आकड्याची नाही. घरदुरुस्तीत जे काम पुढे त्रास देतं, ते जवळजवळ सगळं शेवटी झाकलं जातं: लादीखाली, गिलाव्यामागे, पीओपीच्या वर. रंग, लादीचे सांधे, कपाटाची दारं यांतली चूक मस्कतहून फोटोतही कळते आणि नंतर सुधारताही येते. बाथरूमच्या कोब्याखालची (कोबा म्हणजे लादीखालच्या भरावाचा थर) चूक कळते दोन वर्षांनी, तीही खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडून. म्हणून तुमची सुट्टी, तुमचे पैसे आणि तुमचा माणूस या तिन्ही गोष्टी 'झाकण्याआधीच्या' दिवसांना बांधा. खालचं सगळं त्या एकाच गोष्टीसाठी सांगतोय.

त्याआधी मात्र सोसायटीच्या सेक्रेटरींना दोन गोष्टी लेखी विचारा. स्ट्रक्चरल ऑडिट शेवटचं कधी झालं आणि इमारत कुठल्या वर्गात आली? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे ३० वर्षांपुढच्या इमारतीचं ऑडिट दर ३ वर्षांनी व्हायला हवं. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहत्या घरात दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. दुसरा प्रश्न पुनर्विकासाचा. नौपाड्यात या वयाच्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. तुमच्या सोसायटीत वास्तुविशारद नेमण्यापर्यंत किंवा निविदा मागवण्यापर्यंत गाडी गेली असेल, तर वायरिंग आणि नळकाम सुरक्षित करा, रंग द्या आणि थांबा. दोन-तीन वर्षांत पडणाऱ्या भिंतींवर लाखो रुपयांच्या लाद्या लावू नका. तसं काही नसेल, सभेत नुसतंच बोलणं होत असेल, तर पुढचं वाचा.

जुलैचा बेत सोडा. पावसात भिंती सुकत नाहीत, पुट्टी ओली राहते, प्लाय फुगतो, खिडक्यांचं काम करता येत नाही. त्याहून मोठं कारण म्हणजे एक महिना पुरत नाही. या आकाराच्या घराला नीट करायचं तर १० ते १२ आठवडे लागतात. यात सामानाची वाट बघणं फार नसतं, सुकायची वाट बघणं जास्त असतं. दिवाळी झाली, छठ उरकून उत्तरेकडचे कामगार परतले की काम सुरू करा आणि होळीच्या आत संपवा. होळीला अर्धे गवंडी, लादीवाले आणि रंगारी गावी जातात आणि अर्धवट काम महिनाभर तसंच पडून राहतं.

तुमच्या बाजूने एक मोठी सोय आहे. मस्कतला शुक्रवार-शनिवार सुट्टी, आणि ठाण्यात त्या दोन्ही दिवशी साइट चालू असते. विमान अडीच-तीन तासांचं. महिन्याची सलग सुट्टी घेण्याऐवजी गुरुवारी रात्री निघून तीन छोट्या फेऱ्या मारा. पहिली फेरी तोडफोड होऊन स्लॅब उघडा पडल्यावर, साधारण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी. दुसरी, पाइप आणि वायरी भिंतीत बसल्या आहेत पण गिलावा झाला नाही, त्या दिवसांत, चौथ्या-पाचव्या आठवड्यात. तिसरी, शेवटचा हप्ता देण्याआधी. बहुतेक लोक पहिल्या दिवशी नारळ फोडायला येतात आणि मग थेट वास्तुशांतीला. ज्या दोन दिवशी डोळ्यांनी बघायला हवं, नेमके तेच दिवस हुकतात.

आता पहिल्या फेरीत काय बघायचं ते. छताचे पोपडे काढून घ्या आणि पाव किलोच्या हातोडीने फूट-फूट अंतरावर ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर काँक्रीट सळईला धरून आहे. बद्द आवाज आला तर आत पोकळी आहे, म्हणजे सळई गंजून तिने काँक्रीट ढकललंय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो वरचा थर फोडूनच बाहेर येतो. संडास-बाथरूमचं छत, स्वयंपाकघरातली मोरीची बाजू आणि खिडक्यांवरचे छज्जे आधी तपासा. हे घर बांधलं त्या काळात सिमेंट सहज मिळत नव्हतं. १९८२मध्ये त्यावरचं नियंत्रण अंशतः उठलं आणि १९८९मध्ये पूर्ण, त्यामुळे त्या वर्षांतल्या इमारतींच्या काँक्रीटचा भरवसा ठोकून पाहिल्याशिवाय धरू नये.

बद्द भाग निघाला तर त्यावर सिमेंटचा गिलावा थापून पुढे जाणं म्हणजे तीन-चार वर्षांनी तोच तुकडा खाली पडणं. सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचं, सळई तारेच्या ब्रशने पांढरी होईपर्यंत घासायची, गंजरोधक थर, मग बाँडिंग कोट आणि त्यावर पॉलिमर मॉर्टर, एका वेळी १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड नाही. सळई चाचपून मूळ जाडीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त गेलेली दिसली तर गवंड्याने काहीही सांगितलं तरी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा आणि सोसायटीला लेखी कळवा. हे होईपर्यंत पीओपीचं छत लावू देऊ नका. खरं तर या घरात पीओपीचं छत घेऊच नका. जुना स्लॅब डोळ्यांसमोर राहिलेला बरा.

'सगळं तोडून नवीन' यातलं एक तोडणं मी वाचवेन: हॉल, खोली आणि स्वयंपाकघराची फरशी. हिशेब बघा. जुनी मोझेक लादी आणि तिच्याखालचा मसाला मिळून साधारण ७५ मिलिमीटर. ४५ चौरस मीटरचं हे तोडकाम सात टनांच्या आसपास जातं. बाथरूम आणि गिलावा धरून दहा टन. २५-३० किलोच्या गोणीत भरलं तर साडेतीनशे ते चारशे गोण्या रॅबिट (तोडकामाचा राडारोडा) जिन्यावरून खाली आणायचं, आणि चाळीस वर्षांच्या स्लॅबवर ब्रेकर चालवायचा तो वेगळाच. जुनी लादी ठोकून पक्की निघाली, कुठे उठलेली किंवा खचलेली नसेल, तर तिच्यावरच ॲडहेसिव्हने नवी लादी बसवता येते. ॲडहेसिव्हच्या गोणीवर ती लादीवर लादीसाठी चालते असं छापलेलं हवं. जुन्या मोझेकचं पॉलिश घासून खरखरीत करून घ्यायचं आणि धुऊन सुकवायचं. यात दर चौरस मीटरला सुमारे ३० किलो वजन वाढतं. त्याउलट जुन्या लादीवर पुन्हा दोन इंच मसाला टाकून लादी बसवली, आणि असं करणारे आहेत, तर सव्वाशे किलोच्या आसपास वाढतं. घरातल्या माणसा-सामानासाठी स्लॅबचं गणित २०० किलो प्रति चौरस मीटर धरून केलेलं असतं. त्यातला अर्ध्याहून जास्त वाटा फुकट घालवायचा नाही.

संडास-बाथरूम वगळून उरलेल्या ४८० चौरस फुटांना दोन बाय दोनची लादी घेतलीत तर १० टक्के तूट धरून ५२८, आणि खोक्यात साडेपंधरा चौरस फूट धरले तर ३५ खोकी. सगळ्या खोक्यांवर एकच बॅच आणि एकच शेड छापलेली आहे ना, याचा फोटो माल उतरवतानाच मागवा. नंतर मागवलेलं एक खोकं रंगाने हमखास वेगळं येतं. ॲडहेसिव्ह ४ मिलिमीटरला २० किलोच्या १२-१३ गोण्या लागतील. फरशी दीड सेंटिमीटर वर येते, म्हणून दारं खालून कापावी लागतील.

संडास-बाथरूम मात्र पूर्ण तोडायचं, स्लॅबपर्यंत. चाळीस वर्षांचा कोबा आणि बीडाचा ट्रॅप (सांडपाण्याचा वळणदार पाइप) ठेवून वर नवी लादी लावली तर ते पैसे गेलेच म्हणून समजा. इथे क्रम महत्त्वाचा आहे आणि घाईतला ठेकेदार नेमका यातलाच एखादा टप्पा खातो. कोबा काढून स्लॅब घासून स्वच्छ करायचा, खराब भाग वर सांगितल्यासारखा दुरुस्त करायचा. पाइप बाहेर जाण्याचं भिंतीतलं भोक आधी पक्कं बुजवायचं. गळती बहुतेक वेळा त्या भोकातूनच होते, मधल्या स्लॅबमधून नाही. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवर निदान फूटभर वर नेऊन. ते सुकल्यावर पाणी भरायचं आणि ७२ तास ठेवायचं. त्यानंतर नहाणी ट्रॅप आणि पाइप, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा उतार देऊन, भिंत आणि जमीन मिळते तिथला कोपरा गोलसर भरायचा (याला वाटा म्हणतात), त्यावर पुन्हा वॉटरप्रूफिंगचा हात आणि पुन्हा पाणी. लादी त्यानंतर.

पाणी भरून ठेवल्याचा फोटो पुरावा होत नाही. भिंतीवर पाण्याच्या पातळीची पेन्सिलने रेघ मारायला लावा. शेजारी एक बादली पाण्याने भरून ठेवा आणि तिच्यातही रेघ मारा. तीन दिवसांनी बादलीतलं पाणी जेवढं उतरलं तेवढंच फरशीवरचं उतरलं असेल तर ते हवेत उडालं. फरशीवरचं जास्त उतरलं असेल तर ते कुठेतरी झिरपतंय. आणि खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत कामाआधी, पाणी भरलेलं असताना आणि नंतर, असं तीनदा टिपून घ्या. खालच्या काकांशी काम सुरू होण्याआधी स्वतः फोनवर बोला. त्यांनी दार उघडलं तरच हे जमेल.

उताराचं माप सोपं आहे: फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. सात फुटांच्या बाथरूमला सात सूत, म्हणजे पाऊण इंचाहून थोडं जास्त. कमी दिला तर पाणी तुंबतं, जास्त दिला तर उभं राहिल्यावर पायाला कळतो. लादी बसल्यावर मगभर पाणी लांबच्या कोपऱ्यात ओतायचं आणि ते ट्रॅपपर्यंत जाताना व्हिडिओ कॉलवर बघायचं.

नळकामात जुने जीआय (लोखंडी) पाइप सगळे काढा. नव्या सीपीव्हीसीचे (प्लास्टिकच्या पाइपांचे) सांधे चिकटवल्यावर २४ तास थांबून हातपंपाने दर चौरस सेंटिमीटरला १० किलोचा दाब द्यायचा आणि दोन तास काटा हलता कामा नये. तो काटा सुरुवातीला आणि शेवटी व्हिडिओवर दाखवायला सांगा. दुसऱ्या मजल्यावर गच्चीच्या टाकीचा दाब जेमतेम अर्धा किलो मिळतो. म्हणून टाकीकडून येणारी मुख्य लाइन एक इंचाची ठेवा आणि मोठे छत्रीसारखे शॉवर घेऊ नका, नुसते ठिबकतील. महानगर गॅस कंपनीचा पाइप गॅस असेल तर तो पाइप किंवा मीटर प्लंबरला हलवू देऊ नका. त्यासाठी कंपनीकडेच अर्ज करायचा, आणि तो पाइप कपाटात किंवा भिंतीत बुजवायचा नाही.

वायरिंग. १९८४च्या घरात लाकडी पट्टीतल्या ॲल्युमिनिअमच्या वायरी सर्रास सापडतात आणि अर्थिंग नुसतं प्लगच्या तिसऱ्या भोकापुरतं असतं. दिवे-पंख्यांना १.५, साध्या पॉवरच्या प्लगना २.५, एसी आणि गीझरला ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, प्रत्येक मोठ्या उपकरणाला वेगळं सर्किट आणि सगळ्यांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच). अर्थिंग मीटर रूमपर्यंत खरंच पोचतं का, हे वायरमनने मीटर लावून दाखवायचं. दोन एसी, गीझर आणि ओव्हन धरले की साडेसहा-सात किलोवॅट होतात. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' बघा आणि तो वाढवायचा अर्ज काम सुरू होण्याआधीच करा. चार इंची भिंतीत झिरी (वायर-पाइपसाठी खोदलेली खाच) तिसऱ्या हिश्शाहून खोल नको, आणि बीम-कॉलमला झिरी अजिबात नको. ठेकेदाराला हे करारात लिहून द्या.

गिलावा होण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा समोरून सरळ फोटो काढून घ्या, भिंतीला टेप लावलेली, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनचं अंतर वाचता येईल असा. पुढे गीझरसाठी किंवा देवघरासाठी ड्रिल मारताना हेच फोटो कामाला येतील. तुमची दुसरी फेरी याच दिवसांसाठी आहे.

आता माणूस. मामेभावाच्या हाती किल्ली द्या, देखरेख देऊ नका. त्याला कोबा किती जाड हवा हे माहीत नसेल, आणि माहीत असलं तरी ठेकेदाराशी रोज वाद घालायची जबाबदारी नातेवाइकावर टाकली की काम आणि नातं दोन्ही बिघडतात. ठाण्यात भेटीगणिक पैसे घेऊन साइट बघणारे सिव्हिल इंजिनिअर मिळतात. ठेकेदाराशी संबंध नसलेला एक शोधा आणि आठ ते दहा भेटी ठरवा: स्लॅब, दोन्ही वेळचं पाणी, दाब चाचणी, अर्थिंग, गिलाव्याआधी, लादी बसताना, शेवटची यादी. प्रत्येक भेटीनंतर चार ओळी आणि फोटो. त्याचं मानधन एकूण खर्चात लहान असतं आणि ते वाचवायची ही जागा नव्हे. साइट सहाला बंद होते तेव्हा तुमच्याकडे साडेचार वाजलेले असतात. शुक्रवार-शनिवारचा व्हिडिओ कॉल त्या वेळी ठेवा, दिवसभराचं काम उघडं दिसतं.

पैसे तारखेला बांधू नका, टप्प्याला बांधा. मी साधारण असं लिहितो: सुरुवातीला १० टक्के, तोडफोड आणि रॅबिट उचलल्यावर १०, स्लॅब, दाब चाचणी आणि पहिलं पाणी यशस्वी झाल्यावर २०, वायरिंग-गिलाव्यानंतर १५, लादी आणि ओट्यानंतर २०, रंग-फिटिंगनंतर १५, ताबा देताना ५ आणि उरलेले ५ पावसाळा उलटल्यावर. ठेकेदार पहिल्याच दिवशी ४०-५० टक्के मागेल. तिथे मऊ पडलात तर पुढच्या चाचण्या कागदावर राहतील. एकरकमी आकडा फोडून मागा: तोडकाम, वॉटरप्रूफिंग, नळ, वीज, लादी, रंग, प्रत्येकाचं मोजमाप आणि दर, आणि सामान कोणाचं हे स्पष्ट. मग तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तीन ठेकेदारांचे दर शेजारी ठेवल्यावर आपोआप मिळेल. नळ, कमोड, स्विच तुम्ही घ्या; सिमेंट, रेती, पाइप ठेकेदाराचे. पैसे बँकेतून पाठवा, १८ टक्के जीएसटी लागला तरी पक्कं बिल घ्या. उद्या घर विकलंत तर भांडवली सुधारणेचा खर्च दाखवायला हीच बिलं लागतात.

कागदांचं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. सोसायटीच्या भागदाखल्यावर आईचं नाव असेल तर परवानगीच्या अर्जावर त्यांची सही पुरते. नसेल तर मर्यादित मुखत्यारपत्र करा, फक्त दुरुस्ती, सोसायटी, वीज आणि गॅसपुरतं. विक्रीचा अधिकार त्यात येऊ देऊ नका. ते मस्कतच्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून घ्यायचं आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांकित करायचं. सोसायटीकडून कामाच्या वेळा, दुपारची विश्रांती, रविवारचा नियम आणि अनामत रक्कम लेखी घ्या. रॅबिट कुठे टाकलं त्याची पावती ठेकेदाराकडून मागा, खाडीकाठी किंवा बायपासच्या कडेला सोडलेली गोणी तुमच्या घरची असू नये. सुतारकामावर वेगळं बोलायला हवं, इथे एवढंच: बंद घरात वाळवी चौकटींतून येते, म्हणून बाथरूमच्या चौकटी ग्रॅनाइटच्या करा आणि ओट्याखाली मरीन प्लायच वापरा.

काम संपल्यावर घर पुन्हा बंद राहणार असेल तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, गीझर रिकामा करा आणि प्रत्येक नहाणी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर गोडं तेल सोडा. तेलाने पाणी लवकर उडत नाही, ट्रॅप कोरडा पडत नाही आणि झुरळं व वास वर येत नाहीत. बहिणीने दर तीन आठवड्यांनी येऊन नळ दोन मिनिटं सोडायचे, फ्लश ओढायचा आणि आरसीसीबीचं चाचणीचं बटण दाबून तो पडतो का बघायचं. सप्टेंबर संपताना खिडक्यांच्या खालच्या कडा आणि खालच्या काकांचं छत एकदा बघून घ्या. दोन्ही कोरडे असतील तर ठेकेदाराचे राखून ठेवलेले ५ टक्के त्याच दिवशी पाठवून द्या.